वाटेवरचे पाणी आणि सायकलवरची बाटली

गिअरच्या सायकलीच्या चौकटीत, हँडलकडून पायडलकडे तिरप्या उतरणाऱ्या दांड्यावर, दोन स्क्रूंनी आवळलेला तारेचा किंवा प्लास्टिकचा जो पिंजरा दिसतो, त्याला दुकानदार बॉटल केज किंवा नुसते बॉटल होल्डर म्हणतात. वस्तू क्षुल्लक आहे आणि सायकलीच्या इतिहासावर लिहिणारे तिला फारशी जागा देत नाहीत. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात मात्र तिचा मागोवा घेऊ लागले, की तो सायकलीपेक्षा पाण्याचाच इतिहास ठरतो. या भागात सायकल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रुळलेली होती, तरी पाणी ठेवण्याची जागा तिच्यावर त्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ नव्हती, आणि याचे कारण रस्त्यात शोधावे लागते. जोवर अंतरे थोडी होती आणि वाटेत कोठे ना कोठे पाणी मिळेल असा भरवसा होता, तोवर ते वाहून नेण्याची सोय सायकलीने करावी असे कोणाला वाटले नाही. हा भरवसा सुटला आणि अंतरे वाढली, तेव्हा बाटली दांड्यावर आली.

वाटसरूसाठी पाण्याची सोय करण्याची रीत या प्रदेशात फार जुनी आहे. कल्याण हे सातवाहनकाळापासूनचे बंदर, आणि तेथून घाटावर जाणारा व्यापारी मार्ग आजच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. नाणेघाटात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख ज्या लेण्यात आहे, त्याच्या परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. अशा टाक्यांना प्राचीन लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. कन्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे उल्लेख येतात, आणि दान दिलेल्या वस्तूंत लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढीही आहेत. ज्या डोंगररांगेच्या पश्चिम अंगाला ही लेणी आहेत, तिच्याच पूर्व उतारावर ठाण्याचे येऊर वसले आहे, आणि रविवारी पहाटे ठाण्यातले सायकलस्वार दोन-दोन बाटल्या लावून जो चढ चढतात तो याच येऊरचा. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात पाणी साठवून ठेवणे हे दात्याचे काम होते आणि त्याचे पुण्य त्याला मिळत असे. आता ते ज्याचे त्याने न्यायचे असते.

मधल्या काळात ही सोय विहिरी, तलाव, धर्मशाळा आणि पाणपोया यांच्या रूपाने चालू राहिली. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात ते उगीच नव्हे. कौपीनेश्वराच्या देवळाशेजारचा मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी अशा तलावांभोवती जुने गाव वाढले. चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला मांडव घालून, रांजण भरून, ओगराळ्याने पाणी वाढणारा माणूस बसवणे हे शेठसावकारांचे आणि मंडळांचे नेहमीचे धर्मकृत्य होते. परंतु वाटेवर पाणी होते हे विधान सर्वांना सारखे लागू पडत नाही, आणि जुन्या पाणपोईची आठवण हळवेपणाने काढणारे लेखन ही गोष्ट बहुधा विसरते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सार्वजनिक विहिरी, तळी आणि धर्मशाळा खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत करून घेतला; तो अमलात येत नाही हे दिसल्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तेव्हा त्या काळी प्रवासात स्वतःचे पाणी बरोबर घेणारे मुख्यतः दोन टोकांचे लोक होते. एक, इतरांच्या हातचे पाणी न चालणारे सोवळ्यातले प्रवासी, ज्यांच्यासाठी झाकण पिळून घट्ट बसवता येणारा पितळेचा फिरकीचा तांब्या बनत असे. आणि दुसरे, ज्यांना इतरांचे पाणी शिवू दिले जात नसे ते. या दोहोंच्या मध्ये असलेला बहुसंख्य वाटसरू रिकाम्या हाताने निघे आणि मिळेल तेथे ओंजळ धरी.

रेल्वेने ही व्यवस्था मोडली नाही, ती फलाटावर आणली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी आली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. स्थानकांवर उतारूंना पाणी पाजणारी माणसे नेमली गेली, आणि तेथेही हिंदू पाणी व मुसलमान पाणी असे वेगळे घडे ठेवण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. पुढे उपनगरी वाहतूक वाढत गेली आणि कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील चाकरमान्यांचे जीवन स्थानकाभोवती बांधले गेले. या भागातल्या सायकलीचा वापर समजून घेताना ही गोष्ट निर्णायक आहे, कारण येथील सायकल लांबच्या प्रवासाची गाडी म्हणून वाढलीच नाही. लांबचा प्रवास गाडीने होई, आणि सायकल घर ते स्थानक किंवा घर ते कारखाना एवढेच अंतर जोडी.

दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘सेफ्टी’ सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर आलेल्या रॅले, बीएसए, हंबर, फिलिप्स या इंग्रजी सायकली मुंबई इलाख्यात प्रथम साहेबांच्या आणि सधनांच्या, मग कारकून-मास्तरांच्या हाती गेल्या. १९३९ मध्ये मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये उभी राहिली, आणि आसनसोलची सेन-रॅले याच पिढीतली. या सर्व कारखान्यांनी जी सायकल बनवली ती ‘रोडस्टर’ नावाने ओळखली जाणारी काळी, उंच, जड सायकल होती. तिच्यावर काय काय असे याची यादी बोलकी आहे: साखळीवर कव्हर, मागे कॅरिअर, खाली स्टँड, चाकाला घासून दिवा पेटवणारा डायनॅमो, दांड्याला पंप, सीटमागे पान्ह्यांची चामडी पिशवी, हँडलवर घंटी. पाण्याला मात्र जागा नाही. ज्यांनी डायनॅमोपासून पंपापर्यंत सर्वांचा विचार केला, त्यांना तहान सुचली नसेल हे संभवत नाही; ही सायकल ज्यांच्यासाठी बनत होती त्यांचा प्रवास अर्ध्या-पाऊण तासात संपत होता, एवढाच याचा अर्थ.

ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेली रेमंड वूलन मिल, स्वातंत्र्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या दशकात कल्याणजवळ मोहने आणि शहाड येथे उभे राहिलेले रेयॉनचे कारखाने, अंबरनाथची काडेपेटी आणि आयुधनिर्माणी, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक ठरलेली वागळे इस्टेट, आणि त्यापाठोपाठ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, या सर्वांच्या फाटकांवर पाळी सुटण्याच्या वेळी सायकलींचे लोट असत. कामगाराच्या कॅरिअरला डबा असे, हँडलला पिशवी असे. पाणी घरी होते आणि कारखान्यातही होते. स्थानकाजवळच्या सायकल स्टँडवर सायकल लावून फलाटावर धावणाऱ्या कारकुनाचीही गोष्ट तीच.

पाणी सायकलीवर कधी चढलेच नाही असे मात्र म्हणता येत नाही, उलट ते फार मोठ्या प्रमाणावर चढले, फक्त ते स्वाराच्या घशासाठी नव्हते. दूधवाल्याच्या कॅनसाठी लोहाराकडून वाकवून घेतलेले लोखंडी आकडे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना अडकवण्याची जी युक्ती सर्वत्र रूढ होती, तीच नळाला पाणी नसलेल्या वस्त्यांनी उचलली. डोंबिवलीच्या भोवतालची गावे, दिवा स्थानकाकडच्या चाळी, कल्याण पूर्वेचे चढ, जेथे जेथे घरे आधी आली आणि जलवाहिनी नंतर, तेथे तेथे कळशा आणि प्लास्टिकचे कॅन लटकवलेली सायकल हातात धरून ढकलत नेणारी माणसे हे नित्याचे दृश्य झाले. वीस लिटरचा एक कॅन म्हणजे वीस किलो वजन. असे दोन कॅन लावलेल्या सायकलीवर बसता येत नाही, तिला हातगाडीसारखे चालवावे लागते. सायकल आणि पाणी यांच्या संबंधाचा या भागातला मोठा अध्याय हाच आहे, आणि बॉटल केज ही त्याच्या मानाने तळटीप.

दांड्यावरचा पिंजरा घडला तो युरोपातल्या शर्यतींत. १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्समध्ये स्पर्धकांना दिवसाला शेकडो किलोमीटर अंतर कापावे लागे आणि बाहेरची मदत घेण्यावर कडक बंधने होती. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या छायाचित्रांत बुचाच्या धातूच्या दोन बाटल्या हँडलवरच्या जोडपिंजऱ्यात उभ्या दिसतात. हँडलवरचे वजन सायकल वळवताना जाणवते, म्हणून बाटल्या हळूहळू खाली तिरप्या दांड्यावर आल्या; दुसऱ्या महायुद्धानंतर हीच जागा रूढ झाली आणि १९५०च्या दशकात धातूच्या जागी दाबून पिता येईल अशी मऊ प्लास्टिकची बाटली येऊ लागली. १९५२च्या स्पर्धेत घाट चढताना कोप्पी आणि बार्ताली हे दोन इटालियन प्रतिस्पर्धी एकच बाटली हातोहात देत आहेत, हे छायाचित्र इटलीत आजही गाजते, आणि ती कोणी कोणाला दिली यावरचा वादही. आरंभी पिंजरा दांड्याभोवती आवळायच्या पट्ट्यांनी, म्हणजे क्लॅम्पने बसवला जाई. १९७०च्या दशकापासून दांड्यातच आटे पाडलेली दोन भोके ठेवण्याची पद्धत पसरली. या दोन भोकांमधले अंतर ६४ मिलिमीटर आणि बाटलीचा व्यास सुमारे ७४ मिलिमीटर ही मापे जगभर इतकी पक्की झाली, की कोणत्याही देशातला पिंजरा कोणत्याही देशातल्या सायकलीला बसू लागला.

घर ते स्थानक या अंतरापलीकडे, मुंबईतून निघून फार दूर सायकलीने गेलेली माणसेही होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायामशाळेतले सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मेसोपोटेमिया आणि सिनाईची वाळवंटे पार करून मार्च १९२८ मध्ये परत आले. त्यांचे साहस मोठे होते, पण त्याने सायकलीच्या रचनेत किंवा इथल्या सायकलस्वाराच्या सवयींत काही बदल घडवला नाही. सवय बदलली ती एका अगदी वेगळ्या दिशेने, आणि तिचा एक धागा ठाण्यातच सापडतो.

फेलिचे बिस्लेरी या इटालियन उद्योजकाच्या नावाची कंपनी त्याच्या पश्चात डॉ. रॉसी यांच्याकडे आली, आणि रॉसी यांनी खुश्रू सुंतूक यांच्या साथीने १९६५ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बाटलीबंद पाण्याचा कारखाना काढला. पाणी विकत घेण्याची कल्पना त्या काळी हास्यास्पद वाटणे स्वाभाविक होते. काचेच्या बाटल्यांतले हे पाणी मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांपलीकडे फारसे गेले नाही. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान बंधूंनी ही कंपनी चार लाख रुपयांना घेतली. पुढे काच जाऊन प्लास्टिक आले, आणि ‘पेट’ नावाच्या पारदर्शक, हलक्या, न फुटणाऱ्या प्लास्टिकची बाटली आल्यावर हा धंदा महामार्गावरच्या प्रत्येक टपरीपर्यंत पोचला. २००१ पासून अशा पाण्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. या चाळीस वर्षांत पाणपोई नाहीशी झाली नाही, पण तिच्यावरचा विश्वास गेला. रांजणातले पाणी पिणे हे अनारोग्याचे लक्षण ठरले आणि मध्यमवर्गीय घरांतून मुलाच्या गळ्यात वॉटरबॅग अडकवल्याशिवाय त्याला शाळेत पाठवणे बंद झाले. सायकलीवर बाटली येण्याची मनोभूमिका येथे तयार झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

उरलेले काम गिअरच्या सायकलींनी केले. २००५ च्या सुमारास परदेशी बनावटीच्या किंवा त्या धर्तीच्या हलक्या सायकली शहरांतल्या दुकानांत दिसू लागल्या. त्यांच्या दांड्याला ती दोन भोके कारखान्यातूनच पाडलेली असत, आणि त्या घेणारा वर्ग स्थानकापर्यंत जाण्यासाठी त्या घेत नव्हता. घोडबंदर रस्ता आणि येऊर हे ठाणेकरांचे, तर हाजीमलंग, टिटवाळा, बारवी धरण, बदलापूर-कर्जत आणि मुरबाडवरून माळशेज हे कल्याण-डोंबिवलीकरांचे नेहमीचे मार्ग झाले. २०१० नंतर या भागात ब्रेव्हे लोकप्रिय झाल्या. ब्रेव्हे म्हणजे स्पर्धा नव्हे, ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करण्याची फ्रेंच पद्धतीची लांब फेरी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास अशी तिची मर्यादा असते, आणि नेमून दिलेल्या तपासणी-ठिकाणांखेरीज कोठेही आपल्या माणसांची मदत घेता येत नाही. नियमच असा असल्यावर बाटलीला पर्याय उरत नाही. कोकणपट्टीतल्या दमट उन्हात जोर लावून सायकल चालवणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, त्यामुळे एका पिंजऱ्याचे दोन झाले.

पिंजरा कोणता निवडावा हा प्रश्न या भागात ज्या कारणांनी सुटतो, ती सर्व या इतिहासातून आलेली आहेत. युरोपीय मापाच्या बाटलीला मानेखाली एक खाच असते आणि पिंजऱ्याची जीभ तिच्यात अडकते. येथील टपरीवर मिळणाऱ्या पाण्याच्या बाटलीला ही खाच नाही आणि तिचा व्यासही त्या मापाचा नाही, लिटरची बहुधा घट्ट होते आणि अर्ध्या लिटरची खुळखुळत राहून भिवंडी किंवा शीळ रस्त्याच्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात उडून पडते. म्हणून हाताने थोडा दाबून किंवा फाकवून घेता येणारा अ‍ॅल्युमिनियमच्या सळईचा साधा पिंजरा येथे पुष्कळांना पसंत पडतो, जरी तो बाटलीवर काळे ओरखडे उमटवतो आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी कालांतराने जोडावर तडकतो. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा जास्त टिकतो आणि चार महिन्यांच्या पावसात गंजत नाही. कार्बन फायबरचा पिंजरा वीस-तीस ग्रॅमच भरतो, हा त्याचा गुण दुकानदार आवर्जून सांगतात. त्यात पाऊण किलो पाणी ठेवायचे असल्यामुळे या बचतीचे मोल काय, हे मात्र गिऱ्हाइकाने स्वतः ताडायचे असते. ठेंगण्या स्वाराच्या लहान चौकटीत बाटली वर ओढायला जागा नसते, तिथे बाजूने बाटली काढता येणारा पिंजरा लागतो. स्क्रू आवळताना जोर आवरावा लागतो, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ दांड्यात बसवलेली आट्याची पुंगळी जागेवरच फिरू लागली की ती दुरुस्त करणे पिंजऱ्यापेक्षा महाग पडते.

दोन पिंजरे लावले तरी त्यांत दीड लिटरच्या आसपास पाणी मावते आणि ते कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंतही पुरत नाही, तेव्हा वाटेवरच्या पाण्याची गरज संपलेली नाही. नाशिक महामार्गाने जाणारा सायकलस्वार शहापूर तालुका ओलांडतो. १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवणारा तानसा आणि त्यानंतर बांधलेली वैतरणा व भातसा येथील धरणे याच टापूत आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. रस्त्याकडेच्या हॉटेलातला माठ येथे अजून भरलेला असतो. पण त्यातले पाणी न घेता सायकलस्वार बहुधा लिटरची बाटली विकत घेतो, आणि ती पिंजऱ्यात नीट बसत नसल्यामुळे तिच्यातले पाणी आपल्या बाटल्यांत ओतून मोकळी बाटली तेथेच टाकतो. रोडस्टर सायकलीवरून वीटभट्टीवर किंवा पहाऱ्याच्या पाळीवर जाणारे त्याच महामार्गावरचे लोक अशाच टाकलेल्या बाटल्या उचलून, धुऊन, भरून घेतात. त्यांच्या सायकलीच्या दांड्याला भोके नसतात, म्हणून बाटली जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरिअरला बांधली जाते, आणि क्लॅम्पने बसणारा पिंजरा दुकानात मिळत असला तरी त्यासाठी पैसे मोडण्याचे कारण त्यांना दिसत नाही.